हिवरवाडीचं ट्वीड

“बाबांच्या मुलाखतीला ट्वीड चालतं की नाही, एवढंच सांगा ना आजोबा,” प्रांजल म्हणाली आणि तिनं मोबाईल धनाजी मास्टरांच्या कापायच्या टेबलावर, खडूच्या रेघांमध्ये ठेवून दिला. “इथं निम्मे लोक म्हणतात चालतं, निम्मे म्हणतात अजिबात नाही.”

मास्टरांनी मोबाईलकडे पाहिलंच नाही. तिच्या वडिलांनी आणलेल्या कापडावरून ते उलटा हात फिरवत होते. तपकिरी लोकरी कापड, आत हिरव्या-तांबड्या तंतूंचे बारीक ठिपके, हाताला खरखरीत आणि नजरेला ऊबदार. तीन पीसचा सूट होऊन टोपीपुरतं उरेल, हे मी उंबऱ्यावरूनच ओळखलं.

माझं दुकान मास्टरांच्या दुकानाला लागून आहे. सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या बोळात. अस्तर, कॅनव्हास, दोरे, बटणं. माणूस बोळात वळला की त्याला किती बटणं लागणार हे मला त्याच्या चेहऱ्याआधी दिसतं. ही खोड वाईट आहे, पण चेहऱ्यांनी मला जितकं फसवलंय तितकं बटणांनी नाही.

प्रांजलचे वडील जयराज चार महिन्यांपूर्वी सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. बाजूला खुर्ची रिकामी असून ते उभेच होते. फौजी माणूस शिंप्याकडे बसत नाही. त्याला वाटतं, माप कोणत्याही क्षणी घेतलं जाईल.

“चालतं का म्हंजे काय?” ते म्हणाले. “आमच्या गावाचा ड्रेस हाय त्यो. आमच्या आबांचा हुता. हंबीरआण्णांना तर ह्याच कापडावर नोकरी लागली. व्हय का न्हाई, मास्तर?”

“लागली,” मास्टर म्हणाले.

“अहो बाबा, पण ही पुण्यातली कंपनी आहे. बाहेरच्या देशातली. मेलमध्ये स्पष्ट लिहिलंय, बिझनेस फॉर्मल.”

“मग हे फार्मलच हाय की. जाकीटबिकीट धरून हाय.”

“आजोबा, तुम्ही मोठ्या साहेबांचे कपडे शिवलेत ना? तुम्हीच सांगा.”

मास्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मी हातातला अस्तराचा तागा खाली ठेवला. पस्तीस वर्षं मी या भिंतीच्या पलीकडे बसतोय. या टेबलावर ट्वीड किती वेळा उलगडलं ते मला पाठ आहे. पण ते चालतं का, हे मास्टरांना आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

आता जयराजांच्या गावाबद्दल, हिवरवाडीबद्दल सांगायला हवं. सातारा जिल्ह्यात खटावच्या अंगाला आहे. घरटी एक माणूस फौजेत, काही घरांत दोन. मास्टरही तिथलेच. सत्तर साली भरतीला उभे राहिले, छाती एका इंचानं कमी पडली, पण हातात कला असल्यामुळं पलटणीत टेलर म्हणून घेतले गेले. गावाच्या लेखी हे फौजेत जाणं आणि न जाणं याच्या मधलं काहीतरी होतं. रजेवर आले की पोरं विचारायची, “मास्तर, सुईनं किती मारली?” मास्टर हसायचे. त्यांचं हसणं बिनबटणाचं आहे, कुठं उघडतं आणि कुठं मिटतं ते कळत नाही.

अठरा वर्षं त्यांनी डोंगराळ भागातल्या थंड ठाण्यांवर साहेबांची कापडं शिवली. तिथंच एका म्हाताऱ्या कर्नलनं माप देता देता त्यांना शिकवलं. ट्वीड हे रानातलं कापड. रविवारी सकाळी घालायचं, घोड्यावर, शिकारीला, कुत्रं फिरवायला. कामाच्या जागी गुळगुळीत कापड. रात्री जेवायला काळं. यात गफलत करणारा माणूस पोशाख करत नाही, फक्त कपडे घालतो, असं कर्नलचं म्हणणं.

मास्टरांना हे पाठ होतं. जवानांना नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. जवानाला साहेब दोनच रूपांत दिसतो. एक वर्दीत, तेव्हा तो सगळ्यांसारखा असतो. दुसरा रविवारी, फुटबॉलच्या मॅचला, ट्वीडचा कोट घालून, पाईप ओढत, आणि तेव्हा तो कुणासारखाच नसतो. काळा सूट घालून साहेब जिथं जेवतो तिथं जवान जात नाही. त्यामुळं हिवरवाडीच्या फौजींनी आपापसात ठरवून टाकलं, की साहेबपणाचं शेवटचं टोक म्हणजे ट्वीड.

एकोणनव्वद साली मास्टरांनी सांगलीत दुकान टाकलं. पहिल्याच महिन्यात सुभेदार हंबीरराव आले. नुकतेच निवृत्त झालेले, मिशा तेव्हा काळ्या. शेवटच्या पोस्टिंगवरून येताना आणलेलं कापड त्यांनी टेबलावर टाकलं आणि म्हणाले, “साहेबावानी शिव, धनाजी. साखर कारखान्यात मुलाखत हाय. मे महिन्यात.”

मास्टर नुसते टेलर, समोर सुभेदार. मास्टर म्हणाले, “व्हय आण्णा.”

त्या दोन शब्दांवर पुढची पस्तीस वर्षं उभी राहिली.

हंबीरराव मे महिन्याच्या दुपारी तीन पीसचं ट्वीड घालून कारखान्यावर गेले. गेटवरच्या माणसानं न विचारता सलाम ठोकला. आत धोतर नेसलेले अध्यक्ष बसले होते. असं काही त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले. एकदा अध्यक्ष उठल्यावर बाकीचं मंडळ बसून कसं राहणार? मुलाखत उभ्यानंच झाली म्हणतात. हंबीररावांच्या कोटाच्या आत काय चाललं होतं ते हंबीरराव जाणोत, पण सुरक्षा अधिकारी म्हणून ते त्याच दिवशी रुजू झाले.

मग काय? निवृत्त होणारा प्रत्येक जण येताना कापड घेऊन यायला लागला. नाईक, हवालदार, सुभेदार. मी एकूण एक्केचाळीस सूट मोजले. मोजले म्हणजे बटणांवरून. या कोटाला खरं तर विणलेली कातडी बटणं लागतात. मी जैन माणूस. कातडं दुकानात ठेवत नाही, लोकरीला हात लागला तर देवळात जाण्याआधी कपडे बदलतो. मास्टरांनी पहिल्यांदा कातडी बटणं मागितली तेव्हा मी त्यांना कातड्यासारखी दिसणारी प्लास्टिकची दिली. मास्टर बराच वेळ ती हातात फिरवत बसले होते. शेवटी म्हणाले, “चालत्यात. निम्मं तर आदीच चुकलंय.” मला तेव्हा ते कळलं नव्हतं. पुढं एका पावसाळी दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी मला कर्नलची गोष्ट सांगितली, आणि मग ती आमच्या दोघांतच राहिली.

तर आता ती पोरगी टेबलाला रेलून विचारत होती, आणि मास्टर तिच्या बापाकडे बघत होते.

“जयराज,” ते म्हणाले, “खोटं सांगू का खरं?”

“खरंच सांगा की.”

“ह्या कामाला हे कापड न्हाई. हे रानातलं कापड हाय. साहेब सुट्टीच्या दिवशी घालत्यात. मुलाखतीला निळं न्हाईतर राखाडी घाल. गुळगुळीत. पांढरा शर्ट. झालं.”

आपला मुद्दा सिद्ध झाल्याचा आनंद प्रांजलच्या चेहऱ्यावर येता येता राहिला, कारण तिनं बापाचा चेहरा पाहिला.

जयराज कापडाकडे बघत होते. मग त्यांनी सावकाश विचारलं, “आमच्या आबांना असलाच सूट तुमीच शिवून दिलावता न्हवं?”

“व्हय.”

“त्यो घालून आबा साताऱ्याला माझ्या शाळंत आलते. दाखला करायला. जून महिना. हेडमास्तरांपुढं असं ताठ हुबं. म्हंजे हेडमास्तर मनात हसत असंल?”

“हसायला म्हाईत पायजे, जयराज. हेडमास्तरला म्हाईत न्हवतं, आबांना न्हवतं. त्या खोलीत कुनालाच म्हाईत न्हवतं. मग हसनार कोन?”

“तुमाला म्हाईत हुतं.”

मास्टरांनी टेप गळ्यातून काढली आणि बोटाला गुंडाळायला लागले. “व्हय,” ते म्हणाले. “मला म्हाईत हुतं.”

“मग सांगितलं का न्हाई?”

“आबांनी इचारलं न्हाई. आबांनी निसतं कापड ठेवलं आन् असं हसलं...” मास्टरांनी बोटावरची टेप सोडवली. “त्या हसन्यापुढं काय सांगायचं?”

जयराजांनी कापडाची घडी घातली. फौजी घडी, चारही कोपरे जुळलेली. म्हणाले, “निळं दावा मग.”

गुळगुळीत टेरीवूलचा निळा सूट मास्टरांनी आठ दिवसांत दिला. मी चार मोठी आणि आठ लहान बटणं दिली, काळी, कुणाच्या लक्षातही राहू नयेत अशी. जयराज मुलाखतीला गेले आणि त्यांना नोकरी लागली. पेढे द्यायला आले तेव्हा म्हणाले, “मुलाखतीला माझ्यासारखंच पाच जण हुतं. एकजण आपल्यासारखाच फौजी, पलीकडच्या तालुक्यातला. त्यो ट्वीड घालून आलता.”

“मग?” मास्टर म्हणाले.

“मग काय. मुलाखत घेनाऱ्या मॅडमनी त्याला इचारलं, गावाकडनं थेट आला का? लय गोड आवाजात. बाकीचं लोक कागद बघाय लागलं.” जयराज पेढ्याच्या पुड्याचा दोरा ओढत राहिले. “मास्तर, तुमी मला वाचीवलं. पन मला त्या मानसाच्या जागी सारखं आबाच दिसत हुतं.”

ते गेले. पेढा गोड होता, पण मास्टरांनी अर्धाच खाल्ला.

जयराज काही चहाडखोर माणूस नाही. गावात कुणीतरी विचारलं असणार, तुझ्या अंगात निळा कसा काय, आणि ते खरं बोलले असणार. चहाच्या टपरीवर ते म्हणाले, की मास्तर म्हणतात मुलाखतीला ट्वीड नको. दुसऱ्या कानाला ते गेलं की मास्तर म्हणतात ट्वीड रानातलं. चौथ्या कानापर्यंत पोचलं तेव्हा त्याचं झालं होतं, की मास्तरनं पस्तीस वर्षं आख्ख्या गावाला कुत्री फिरवायची कापडं शिवून दिली आणि वर तोंडातल्या तोंडात हसला.

डिसेंबरात फोन सुरू झाले. मास्टरांचा जुना बटणांचा फोन, आवाज इतका मोठा की मला भिंतीतून ऐकू यायचा.

“मास्तर, खरं हाय का वो?”

“काय खरं?”

“ते कुत्र्याचं.”

“आरं तसं न्हाई...”

“निसतं व्हय का न्हाई सांगा.”

मास्टरांना व्हयही म्हणता येईना आणि न्हाईही. ते कर्नलपासून सुरुवात करायचे आणि कर्नल संपायच्या आत फोन ठेवलेला असायचा. मी मोजलं, अकरा फोन आले. त्यातल्या दोघांनी शिव्या दिल्या. मास्टरांना ते दोन फोन बाकीच्या नवांपेक्षा बरे वाटले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक निवृत्त हवालदार एसटीनं सांगलीला आले. हातात खताच्या पोत्यात गुंडाळलेलं गाठोडं. दुकानात पाय न टाकता त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

“ह्ये तुमचं तुमाला.”

“बसा की हवालदारसाब. च्या सांगतो.”

“च्या नगं. लेकीच्या लग्नात घातला हुता. जावई पुन्याचा, शिकल्याला. हार घालताना गालात हसल्यावानी वाटला हुता. मला वाटलं, पोरगं आनंदात हाय. सोळा वरसं मी तेच समजून हुतो.” त्यांनी पोत्याची गाठ विनाकारण घट्ट केली. “आज कळलं कशाला हसला.”

“त्यो त्या कारनानं हसला नसंल वो.”

“नसंलबी. पन आता मला दुसरं काय वाटनार?”

ते निघून गेले. मास्टरांनी पोतं सोडलं. आतला सूट स्वच्छ होता, खिशात डांबरगोळ्या होत्या. मास्टरांनी तो ओल्या फडक्याखाली इस्त्री केला, जाकिटाचं एक सैल झालेलं बटण पक्कं केलं आणि सूट खुंटीला टांगला. मग मशीनवर बसून राहिले. मशीन चालवली नाही.

मी जाऊन समोर बसलो. म्हटलं, “मास्टर, खरं सांगून चूक केली असं वाटतंय का?”

“खरं सांगून न्हाई,” ते म्हणाले. “अर्दं सांगून.”

“म्हणजे?”

“कर्नलनं मला दोन गोष्टी सांगितल्यावत्या. ह्ये कापड कुटं घालू नये ती एक. आन् कुटं घालावं ती दुसरी. मोकळं रान पायजे, थंडी पायजे, सकाळचं ऊन पायजे, आन् मानसाला चार मानसांत जरा हुबं ऱ्हायचं पायजे.” ते खुंटीकडे बघत बोलत होते. “आता सांगा अजितशेठ, सव्वीस जानेवारीला आमच्या शाळंचं मैदान काय असतं?”

मी ते मैदान कधी पाहिलं नव्हतं, पण मास्टरांकडून इतक्या वेळा ऐकलं होतं की पाहिल्यासारखंच. माळावर शाळा, मागं डोंगर, जानेवारीत दहिवर पडलेलं. झेंड्याच्या डाव्या हाताला निवृत्त फौजींची रांग. सगळे ट्वीडमध्ये, छातीवर पदकं. मास्टर दरवर्षी जायचे. रांगेत नाही, पलीकडे भिंतीशी, गावातल्या बायाबापड्यांबरोबर. मी एकदा विचारलं होतं, तुम्हीही फौजेतलेच ना, रांगेत का नाही उभे राहत? म्हणाले, “माझी पदकं तितंच चालत आल्याली असत्यात की.” स्वतःसाठी त्यांनी ट्वीड कधी शिवलं नाही. मला वाटायचं, ते झेंड्यासाठी जातात. मग कळलं, ते खांदे बघायला जातात. कुणाचा कोट खांद्यावर अजून बसतोय, कुणाच्या पोटानं बटण ताणलंय, कोण या वर्षी नाही.

“त्या मैदानावर त्या सकाळी ते कापड बरोबर हाय,” मास्टर म्हणाले. “आख्ख्या सांगली-साताऱ्यात तेवढ्या एका जागी, वरसातनं एक तास, ते अगदी बरोबर हाय. कर्नलनं बगितलं असतं तर टोपी काढली असती. ह्ये मी त्यांना कदी सांगितलंच न्हाई. आन् आता सांगायला जातो तर त्यांना वाटतंय, मास्तर समजूत काढतोय.”

मग त्यांनी स्वतः फोन लावायला सुरुवात केली. मला हे बघवत नव्हतं, पण ऐकू यायचंच. “सव्वीसला सूट घालून या बरं का.” पलीकडून कुणी म्हणायचं, बघू. कुणी म्हणायचं, गुडघे दुखतात, येतोय कुठं? एकानं विचारलं, “कुत्रं आनू का संगं?” मास्टर त्यावर हसले आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्या हसण्यातच अडकून राहिले.

पंचवीस तारखेला ते माझ्याकडे आले. “अजितशेठ, उद्या दुकान बंदच हाय. तुमची गाडी काढता का? गावाला जायाचं. एसटीनं गेलं की सुटाला चुन्या पडत्यात.” सूट हवालदारांचा होता. परत द्यायला निघाला होता. पण गाडी त्यासाठी नको होती हे मला कळत होतं. त्यांना एकट्यानं जायचं नव्हतं.

पहाटे निघालो. सूट मागच्या सीटवर आडवा, वर पांढरं फडकं. मास्टर पुढं, मांडीवर हात ठेवून. मायणी ओलांडल्यावर म्हणाले, “निम्मं आलं तरी खूप झालं.” थोड्या वेळानं म्हणाले, “दहा आलं तरी.” माळ लागला तसं म्हणाले, “आनी हवालदारांनी तेवढा घातला तर.” मी गाडी चालवत होतो. त्यांचा आकडा उतरत चाललेला मी ऐकत होतो.

शाळेजवळ पोचलो तेव्हा ऊन नुकतं मैदानावर आलं होतं. थंडी खरंच कडक होती, तोंडातून वाफ निघत होती. पोरं ओळीत बसली होती, स्पीकर तपासणं चाललं होतं. आणि झेंड्याच्या डाव्या हाताला रांग होती.

रांग सगळी पांढऱ्या शर्टांची होती.

मी सवयीनं मोजलं. सत्तावीस माणसं. बहुतेकांनी आत बनियन घातलेलं होतं तेवढंच, स्वेटरसुद्धा नाही. ट्वीड घालायचं नाही तर काहीच घालायचं नाही, असं ठरवून आल्यासारखी. काही जण थंडीनं कुडकुडत होते आणि कुडकुडतोय हे दिसू नये म्हणून जास्तच ताठ उभे होते. जयराजही होते. निळा सूट घरी ठेवून तेही शर्टातच आले होते. आमच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

मास्टर गाडीतून उतरले आणि दाराला धरून उभे राहिले. हवालदार तिसरे होते. मास्टर त्यांच्यापर्यंत गेले. “हवालदारसाब, सूट आनलाय. इस्त्री करून.”

“ऱ्हाऊ द्या गाडीत,” हवालदार समोर बघत म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मास्टर वळले, आणि वळता वळता थांबले. मी त्यांच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं तेव्हा मलाही दिसलं. पदकं. कोटाच्या छातीत कॅनव्हास असतो, तो पदकं पेलतो. शर्टाचं कापड पातळ, धुऊन धुऊन विरलेलं. पाच-सहा पदकांच्या वजनानं प्रत्येकाचा डावा खिसा खाली ओघळला होता, काज ताणलं होतं, गळा एका बाजूला ओढला गेला होता. सत्तावीस ताठ माणसं, आणि सत्तावीस शर्ट एकाच अंगाला कललेले.

“रुमाल काडा,” मास्टर म्हणाले.

हवालदारांना कळलं नाही.

“रुमाल हाय का खिशात? काडा.”

हवालदारांनी रुमाल काढला. मास्टरांनी त्याची चौपदरी घडी घातली, ती शर्टाच्या खिशात आत सरकवली, पदकांची पट्टी सोडवली आणि खिशाच्या कापडातून, रुमालातून पिन पलीकडे काढून परत लावली. तळव्यानं एकदा दाबलं. पदकं सरळ उभी राहिली. शर्टाचा गळा जागेवर आला. मास्टर एक पाऊल बाजूला सरकले, पुढच्या माणसासमोर.

दुसऱ्या माणसानं रुमाल आधीच काढून हातात धरला होता. चौथ्यानंही. मग रांगेतून न बोलता हात खिशात जायला लागले. पांढरे, चौकड्यांचे, एकाचा बायकोचा फुलाफुलांचा. मास्टर एकेकापाशी थांबायचे, घडी घालायचे, पिन लावायचे, तळवा टेकवायचे. जयराजांपाशी आले तेव्हा जयराजांचे ओठ हलले, पण मास्टर पिनेकडे बघत होते. गुरुजी स्पीकरवर “कार्यक्रमाला थोड्याच वेळात” असं म्हणून गप्प झाले आणि वाट बघत राहिले.

तेवढ्यात नातवाच्या मोटारसायकलवरून हंबीरराव आले. पंच्याऐंशीचे, कान पूर्ण गेलेले. गावात महिनाभर काय चाललंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं. अंगात एकोणनव्वद सालचा सूट, तीन पीस, सगळी बटणं लावलेली. अंग आटलं होतं आणि कोट मोठा झाला होता, पण खांदे अजून खांद्यांवर होते. सकाळचं ऊन त्या तपकिरी कापडावर पडलं तसे त्यातले हिरवे-तांबडे ठिपके मला दहा पावलांवरून दिसले. माझा या व्यवहाराशी संबंध फक्त बटणांपुरता. पण पस्तीस वर्षांत मला पहिल्यांदा कळलं, की कर्नल कशाबद्दल बोलत होता.

हंबीरराव काठी टेकत रांगेपर्यंत आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी एकदा नजर फिरवली, पलटण बघावी तशी. मग मास्टरांकडे वळले आणि कान गेलेली माणसं बोलतात तशा, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“धनाजी, ह्या समद्यांची कापडं कुटं गेली?”

रांगेत कुणी हललं नाही. मास्टर त्यांच्या अगदी जवळ गेले, कानाशी तोंड नेलं.

“माझ्याकडं टाकल्यात, आण्णा,” ते म्हणाले. “दुरुस्तीला.”

हंबीररावांनी मान डोलावली आणि रांगेच्या पहिल्या जागी जाऊन उभे राहिले. मास्टरांच्या हातात पुढच्या माणसाचा रुमाल तसाच होता. त्याची घडी घालायला त्यांनी सुरुवात केली.